व्ही, डब्ल्यू आणि एलायझा

गेल्या गुरुवारी एका मुलाचा इंटरव्ह्यू घेतला. व्हिडिओ कॉलवर. पॅनेलवर मी आणि दुसऱ्या टीममधला एक जण. मुलगा मराठवाड्यातल्या कॉलेजचा, दोन वर्षांचा अनुभव, टापटीप शर्ट, मागे भिंतीवर कॅलेंडर. मी त्याला डेडलॉक समजावून सांगायला सांगितलं. पोरगा क्षणभर थांबला आणि म्हणाला, "सर, अरुंद पूल आहे, दोन्ही बाजूंनी एसटी आली, दोघी अर्ध्यात पोचल्या, आता मागं कोणीच घेत नाही." आणि मग एसटी न अडकण्याचे तीन मार्ग सांगितले. पुस्तकातली व्याख्या पाठ म्हणणारे शंभर पाहिलेत मी. हे उत्तर पाठ केलेलं नव्हतं.

पुढे कोड समजावताना तो इंग्रजीत शिरला आणि 'डिटरमाईन' म्हणाला. 'माईन'वर जोर देऊन, खाण असते ना, तसं. दोनदा. चॅटच्या खिडकीत सहकाऱ्याचा मेसेज टपकला : 'डिटरमाईन', आणि पुढे हसरा चेहरा.

मीसुद्धा एक हसरा चेहरा पाठवला.

इंटरव्ह्यूनंतर फॉर्म भरला. टेक्निकल : उत्तम. प्रॉब्लेम सॉल्व्हिंग : उत्तम. कम्युनिकेशन : सुधारणेला वाव. सबमिट. चहा प्यायला गेलो. हे सगळं इतकं सहज झालं की त्यात काही चुकलंय असं शनिवार रात्रीपर्यंत माझ्या डोक्यातही आलं नाही.

शनिवारी रात्री आम्ही 'माय फेअर लेडी' लावला.

आता आधी कबुली देऊन टाकतो. मला जुने हॉलिवूडचे संगीतपट प्रचंड आवडतात. ऑफिसात हे फारसं सांगायची सोय नसते. तिथे आवडीनिवडीचा एक ड्रेस कोड असतो. कोरियन थ्रिलर चालतं, स्कँडिनेव्हियन पोलीस चालतात, एखाद्या इराणी दिग्दर्शकाचं नाव टाकलं तर बोनस मार्क. पण 'मला साउंड ऑफ म्युझिक आवडतो' म्हटलं की लोक तुमच्याकडे 'अरेरे, शाळेच्या ट्रिपमध्ये दाखवला होता ना' अशा नजरेनं बघतात. जुन्या ब्रिटिश मालिकांचंही तेच. तुम्ही अजून कॅसेट वापरता का, असा चेहरा करतात.

बायकोचा आक्षेप वेगळा आहे. तिचं म्हणणं, "अरे पण माणसं बोलता बोलता मधेच गायला कशी लागतात?" मी म्हटलं, अगं, हा प्रश्न मराठी माणसानं विचारावा? किर्लोस्करांचं 'संगीत शाकुंतल' पुण्यात रंगमंचावर आलं १८८० साली. तेव्हापासून आपल्याकडे दुष्यंतापासून सगळे बोलता बोलता मधेच गातायत, आणि वन्स मोअर आला तर गोष्ट थांबवून तेच पुन्हा गातायत. बालगंधर्वांच्या नाटकाला जाणाऱ्या पणजोबांना जीन केली पावसात का नाचतो हे समजावून सांगावं लागलं नसतं. भावना बोलण्यात मावेनाशी झाली की पद येतं, पदातही मावली नाही की माणूस नाचतो, एवढा साधा नियम आहे. आपल्या हिंदी सिनेमात पुष्कळदा गाणं लागलं की गोष्ट बाहेर पाय मोकळे करून येते. चांगल्या संगीतपटात गाणं सुरू होताना पात्र एका जागी असतं आणि संपताना दुसऱ्या. मला ते आवडतं. (बायको म्हणाली, लेक्चर पुरे, लाव.)

तर 'माय फेअर लेडी', १९६४ चा. गोष्ट बहुतेकांना माहीत असते. लंडनच्या कॉव्हेंट गार्डनबाहेर फुलं विकणारी एलायझा डूलिटल, तिची कॉकनी बोली, आणि ध्वनिशास्त्राचा प्रोफेसर हिगिन्स. माणूस तोंड उघडताच तो कुठल्या गल्लीतला हे सांगणारा. हिगिन्स कर्नल पिकरिंगशी पैज लावतो की सहा महिन्यांत या मुलीला उच्चभ्रूंच्या मेजवानीत बाई म्हणून खपवून दाखवीन. मूळ नाटक बर्नार्ड शॉचं 'पिग्मॅलियन', १९१३ साली पहिल्यांदा रंगमंचावर आलेलं. त्याचं लर्नर आणि लो या जोडीनं १९५६ साली ब्रॉडवेसाठी संगीत नाटक केलं आणि त्याचा हा सिनेमा.

यात एक प्रसंग आहे. एलायझाला 'ह' म्हणता येत नाही. हिगिन्स तिच्या तोंडासमोर एक ज्योत लावतो. 'ह' नीट आला तर ज्योत हलणार. ती बिचारी रात्र रात्र त्या ज्योतीसमोर बसून ह, ह करत असते. हा प्रसंग लागला आणि मी एकदम २००३ सालात गेलो.

पहिली नोकरी. सहा आठवड्यांचं ट्रेनिंग. सकाळी जावा, दुपारी जेवण, आणि जेवणानंतर 'व्हॉइस अँड ॲक्सेंट'. आम्हाला प्रत्येकाला कागदाची एकेक पट्टी दिली होती. ती ओठांसमोर धरायची आणि इंग्रजी 'पी'नं सुरू होणारे शब्द म्हणायचे. पट्टी हलली पाहिजे. कारण आपला 'प' हवा न सोडता येतो, आणि इंग्रजांचा शब्दाच्या सुरुवातीचा 'पी' थोडी हवा सोडतो, आपल्या 'फ'च्या दिशेनं. त्यानंतर व्ही आणि डब्ल्यू. मराठीला एक 'व' पुरतो. इंग्रजीला दोन लागतात : एकाला वरचे दात खालच्या ओठावर टेकवायचे, दुसऱ्याला ओठांचा चंबू करायचा. आपला 'व' बरोबर मध्ये उभा असतो, दोन्हीकडे न जाणारा. तीस इंजिनिअर पोरं एसी हॉलमध्ये बसून एकदा दात दाखवतायत आणि एकदा चंबू करतायत. राव, ते दृश्य आठवलं की आजही हसू येतं.

तेव्हा नव्हतं येत. त्या वर्गात मी 'डेव्हलोप' म्हणालो होतो, 'लोप' पावणे मधला लोप. शिकवणाऱ्या बाई चांगल्या होत्या, त्या हसल्या नाहीत. वर्ग हसला. मी मराठी माध्यमाचा. हा शब्द मी चार वर्षं वाचला होता, लिहिला होता, परीक्षेत त्यावर मार्क मिळवले होते. कोणाच्या तोंडून ऐकला नव्हता. पुढचे अनेक महिने मी मीटिंगमध्ये तो शब्द टाळून 'बिल्ड' म्हणायचो. कधी कधी 'मेक'. अर्धं डोकं कोडमध्ये आणि अर्धं पुढच्या वाक्यातले खड्डे चुकवण्यात.

आणि हे माझं पहिलं ट्रेनिंग नव्हतंच. पहिलं झालं इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षी, पुण्यातल्या हॉस्टेलवर, फुकट. मी विट्याकडचा. आमच्याकडं 'पानी' पितात. पाणी नाही, पानी. पहिल्याच आठवड्यात मेसमध्ये मी पानी मागितलं आणि टेबलावरचे चार जण आळीपाळीनं 'पानी, पानी' करू लागले. त्यांच्या मनात काही वाईट नव्हतं, अशा वेळी कुणाच्या मनात काही वाईट नसतंच. दिवाळीच्या सुट्टीत घरी गेलो आणि आईला म्हटलं, "पाणी दे." आई तांब्या घेऊन आली, माझ्याकडे बघून म्हणाली, "लईच शुद्ध बोलाय लागलास की रं."

'ती फुलराणी' मी त्यानंतर पाहिली, रेकॉर्डिंग. पु. लं.नी 'पिग्मॅलियन' मराठीत आणलं ते १९७५ साली. नुसतं भाषांतर केलं असतं तर ते फसलं असतं, कारण शॉच्या नाटकाचा जीव लंडनच्या गल्ल्यांतल्या बोलींमध्ये आहे. पु. लं.नी तो जीव उचलून मराठीच्या न-ण आणि श-स मध्ये ठेवला. एलायझाची मंजुळा झाली, हिगिन्सचा प्रोफेसर अशोक जहागीरदार झाला. सतीश दुभाषी आणि भक्ती बर्वे. भक्ती बर्वेंचं ते सूड उगवण्याचं स्वगत आजही मराठी मुली एकपात्री स्पर्धेत करतात. लोक त्याला हसतात, टाळ्या वाजवतात. मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा माझ्या घशात काहीतरी अडकलं. रूममेट म्हणाला, "कॉमेडी आहे रे." हो, आहे. मला माहितीय.

एव्हाना लक्षात आलं असेल की माझी आवड कुठून येते. आवड म्हणजे आपण निवडलेली गोष्ट, असं आपल्याला वाटतं. माझा अनुभव असा की जिथे कधी ठेच लागली असते तिथेच आवड उगवते. माझ्या आवडत्या जुन्या मालिका आणि संगीतपटांची यादी काढली तर ती जवळपास सगळी बोलण्याबद्दल आहे. कोण कसं बोलतो, आणि त्यावर कोण हसतो. आणि चांगलं-वाईट ठरवायचा माझा निकषही एकच आहे : हशा नेमका कोणावर?

उदाहरणार्थ 'माइंड युवर लँग्वेज'. लंडनमधला रात्रीचा इंग्रजीचा वर्ग, मिस्टर ब्राउन मास्तर, आणि जगभरचे विद्यार्थी, त्यात आपला सरदार, पाकिस्तानी अली, कायम विणकाम करणारी जमिला. १९७७ ते १९७९ ब्रिटनच्या आयटीव्हीवर चालली. ती गुंडाळली गेली याचं कारण ठोकळेबाज पात्रं खटकली हे होतं, असं सांगतात. गंमत म्हणजे भारतात आणि पाकिस्तानात ती आजही लोक प्रेमानं बघतात. मीही हॉस्टेलवर पोट धरून हसलोय. आता बघवत नाही. त्या वर्गातल्या कोणालाच आपल्या भाषेत काही येत असेल, अशी शंकासुद्धा लेखकाला आलेली दिसत नाही. विनोद एकच, दर आठवड्याला : याला इंग्रजी येत नाही. त्यांच्यापैकी कोणी आपल्या गावी चांगला सुतार असेल, कोणी वकील असेल, हे आपल्याला कधीच कळत नाही.

आता त्याच्या शेजारी 'फॉल्टी टॉवर्स' ठेवा. १९७५ आणि १९७९, अवघे बारा भाग. जॉन क्लीझ आणि कॉनी बूथ यांनी मिळून लिहिलेले, आणि लिहिताना एकेका भागावर आठवडेच्या आठवडे घालवलेले. (आपण स्प्रिंटमध्ये जे करतो त्याच्या बरोबर उलट.) यातही एक परदेशी वेटर आहे, बार्सिलोनाचा मॅन्युएल, त्यालाही इंग्रजी येत नाही, तोही मार खातो. मग फरक काय? फरक असा की इथे मूर्ख आहे तो मालक. बेझिल फॉल्टीनं स्वस्तात मिळतो म्हणून माणूस आणला, त्याला शिकवायचे कष्ट घेतले नाहीत, आणि आता जोरात ओरडलं की इंग्रजी कळतं अशी त्याची श्रद्धा आहे. क्लायंट कॉलवर बसलेल्या कोणालाही हा माणूस ओळखीचा वाटेल. आणि मॅन्युएल झालेला अँड्र्यू सॅक्स हा बर्लिनचा, वडील ज्यू. नाझींमुळे कुटुंब १९३८ साली लंडनला पळून आलं तेव्हा तो लहान मुलगा होता. इंग्रजी न येणं म्हणजे काय हे त्याला कोणी शिकवायला नको होतं. मॅन्युएलच्या चेहऱ्यावर गोंधळाबरोबर जी सतत मदत करण्याची धडपड दिसते ना, ती मला तिथूनच आल्यासारखी वाटते. हे माझं मत, पुरावा काही नाही.

आणि माझी सगळ्यात लाडकी मालिका म्हणजे 'येस मिनिस्टर' (१९८० ते १९८४) आणि पुढची 'येस प्राइम मिनिस्टर' (१९८६ ते १९८८). ती मला मिळाली कंपनीच्या लॅनवरच्या एका शेअर्ड फोल्डरमध्ये, ज्याबद्दल जास्त बोलणं योग्य नाही. इंग्रजी सुधारावं म्हणून बघायला लागलो. सर हम्फ्री ॲपलबी, ऑक्सफर्डचे, उच्चार असे की हिगिन्सनं पाय धरावेत. नायजेल हॉथॉर्न एका श्वासात दहा ओळींचं वाक्य म्हणतो, व्याकरण निर्दोष, आणि शेवटी मंत्रिमहोदयांना कळलेलं असतं शून्य. कळू नये म्हणूनच ते वाक्य रचलेलं असतं. मी तो भाग चार वेळा मागे घेऊन ऐकला, सबटायटल लावून. आधी वाटलं आपलं इंग्रजी कच्चं. मग उमगलं की मंत्र्यालाही कळलेलं नाहीये!

हसू नका, पण त्या रात्री माझ्या डोक्यावरचं केवढंतरी ओझं उतरलं. तोवर मला वाटायचं की चांगलं इंग्रजी म्हणजे चांगला विचार. अँटनी जे आणि जोनाथन लिन या लेखकद्वयीनं मला शिकवलं की उत्तम भाषा ही काही न सांगण्याचीही उत्तम सोय असते. पुढे मीटिंगमध्ये कोणी सफाईदार उच्चारांत 'सिनर्जी' वगैरे सुरू केलं की मी मनात म्हणायचो, येस मिनिस्टर. आणि मग माझ्या 'डेव्हलोप'च्या इंग्रजीत विचारायचो, "म्हणजे सर्व्हर नक्की कधी चालू होणार?"

आता 'सिंगिंग इन द रेन', १९५२ चा. हा माझ्या मते सर्वोत्तम संगीतपट, यावर वाद घालायला मी कधीही तयार आहे. मूकपट संपून बोलपट आले तेव्हाची धांदल. जीन केलीनं ते पावसातलं नृत्य १०३ डिग्री ताप असताना केलं, हे सगळ्यांना माहीत असतं. पण माझं लक्ष असतं लीना लॅमाँटकडे. ती मूकपटांची मोठी नायिका, दिसायला देखणी, आणि आवाज चिरका, बोली गल्लीतली. बोलपट आले आणि तिचं सगळं संपायची वेळ आली. मग नव्या मुलीनं, कॅथीनं, पडद्याआडून तिला आवाज द्यायचा. शेवटी भर नाट्यगृहात पडदा वर ओढून लीनाचं बिंग फोडतात आणि आपण टाळ्या वाजवतो. ती स्वार्थी आहे, कॅथीचं श्रेय दडपते, कबूल. पण आपण हसतो ते तिच्या स्वार्थाला की आवाजाला?

(असं आपल्याकडेही घडलं. पुण्यात जन्मलेली रूबी मायर्स, पडद्यावरची सुलोचना, मूकपटांची मोठी तारका. १९३१ मध्ये 'आलम आरा' आला आणि हिंदुस्थानी धड येत नाही म्हणून तिची अडचण झाली. ती काही काळ थांबली, भाषा शिकली आणि परत आली. तिच्यावर कोणी संगीतपट केला नाही.)

खरी मजा पडद्यामागे आहे. लीनाचं काम करणारी जीन हेगन प्रत्यक्षात उत्तम बोलणारी अभिनेत्री, तो चिरका आवाज हा अभिनय. सिनेमात कॅथी लीनाच्या संवादांना आवाज देते असं आपण बघतो, पण तिथे ऐकू येणारा तो गोड आवाज हेगनचाच आहे! आणि कॅथी झालेल्या डेबी रेनॉल्ड्सचं त्या प्रसंगातलं गाणं गायलंय बेटी नॉइज या तिसऱ्याच बाईनं. म्हणजे आवाजाचं श्रेय ज्याचं त्याला मिळावं असं सांगणाऱ्या सिनेमात जिनं आवाज दिला तिचं नाव पाटीवर नाही. असा बग आपण केला असता तर टेस्टिंगवाल्यांनी महिनाभर डोकं खाल्लं असतं.

'माय फेअर लेडी'त तर याहून भारी. एलायझा ऑड्री हेपबर्न, पण थोडे तुकडे सोडले तर तिची गाणी गायली मार्नी निक्सननं, पाटीवर नाव न येता. हीच मार्नी 'द किंग अँड आय'मध्ये डेबोरा करचा आवाज होती, 'वेस्ट साइड स्टोरी'त नॅटली वुडचा. आपल्या लोकांना यात नवल वाटणार नाही. 'महल'च्या (१९४९) रेकॉर्डवर लताबाईंच्या नावाऐवजी पडद्यावरच्या पात्राचं, 'कामिनी'चं नाव होतंच की. पण आपल्याकडे पार्श्वगायिकेचं नाव पुढे नायिकेहून मोठं झालं, मार्नीला ते सुख फार उशिरा आणि फार थोडं मिळालं. आणि कडी म्हणजे, प्रोफेसर हिगिन्स झालेला रेक्स हॅरिसन म्हणाला मी आधी रेकॉर्ड केलेल्या गाण्यावर नुसते ओठ हलवणार नाही, तर त्याच्या टायमध्ये वायरलेस माइक लपवून त्याची गाणी सेटवरच टिपली. म्हणजे बघा : मास्तरचा आवाज त्याचा स्वतःचा, आणि विद्यार्थिनीचा उसना. अख्खी गोष्ट एका वाक्यात आली.

तर शनिवारी आम्ही मेजवानीच्या प्रसंगापर्यंत पोचलो. एलायझा महाराणीसारखी वावरते. हिगिन्सचाच एक जुना चेला, भाषातज्ज्ञ, तिच्याशी बोलतो आणि जाहीर करतो की ही इंग्रज नाहीच, कारण हिचं इंग्रजी फारच शुद्ध आहे, ही नक्की हंगेरियन राजकन्या! (मला एका क्लायंटनं कौतुकानं सांगितलं होतं की तू छापील पुस्तकासारखा बोलतोस. मी दोन दिवस खूश होतो.) मंडळी घरी परततात आणि हिगिन्स नि पिकरिंग एकमेकांचं अभिनंदन करायला लागतात. तू केलंस, छे तूच केलंस. नोकरचाकरही त्यांचंच कौतुक करतात. आणि एलायझा मागे कोपऱ्यात उभी. कोणी तिच्याकडे बघतसुद्धा नाही. रात्र रात्र ज्योतीसमोर बसली ती, आणि जिंकले हे.

पुढे तिला प्रश्न पडतो, आता माझं काय होणार? फुलं विकायला परत जाऊ शकत नाही, तिथे कोणी ओळखत नाही. इथे राहू शकत नाही, इथली मी नाही. हा सगळ्या नाटकाचा कणा आहे. आणि इथेच माझं या लाडक्या सिनेमाशी भांडण आहे. शॉनं शेवटी एलायझाला दारातून बाहेर पाठवलं. लंडनच्या १९१४ च्या पहिल्या प्रयोगांतच हिगिन्स झालेला नट शेवटी तिच्याकडे फुलं फेकायला लागला आणि शॉ भडकला. पुढे त्यानं उपसंहार लिहून बजावलं की एलायझा हिगिन्सशी नाही, फ्रेडीशी लग्न करते आणि फुलांचं दुकान काढते. तरी संगीतपटात ती परत येतेच, आणि हिगिन्स खुर्चीत रेलून, टोपी चेहऱ्यावर ओढून, माझ्या सपाता कुठायत विचारतो. इतकी सुंदर तीन तास चाललेली गोष्ट आणि शेवट सपातांवर!

शेवट बघून मी तावातावानं बायकोला हे सगळं सांगत होतो. हिगिन्स कसा माणूस आहे, माणसाच्या गल्लीचं नाव ओळखतो पण माणूस ओळखत नाही, वगैरे. ती ऐकून घेत होती. मग म्हणाली, "गुरुवारच्या त्या मुलाचं काय झालं? डिटरमाईनवाला. तूच सांगत होतास ना हसत हसत."

मी गप्प.

तिला एसटीच्या पुलाचं मी सांगितलंच नव्हतं. 'डिटरमाईन' तेवढं सांगितलं होतं.

आता एक बाजू प्रामाणिकपणे मांडतो, नाहीतर कॉमेंटमध्ये तुम्ही मांडालच. आमच्या कामात बोलणं महत्त्वाचं असतं. क्लायंटला कळलं नाही तर कोड कितीही चांगला असून उपयोग नाही. मान्य. त्या ट्रेनिंगचा मला फायदाच झाला. व्ही आणि डब्ल्यू आज मला न ठरवता येतात आणि त्याची मला लाज नाही. एलायझालाही नाहीये. शिकणं वाईट नाही. पण कळणं आणि ऐटदार वाटणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि आपल्या फॉर्ममध्ये दोघींना मिळून एकच रकाना आहे. त्या मुलाचं मला सगळं कळलं होतं. एक शब्दसुद्धा परत विचारावा लागला नव्हता. तो चुकीचा उच्चार म्हणजे एवढंच, की हा शब्द त्याला पुस्तकात भेटला, घरात नाही. जसा मला 'डेव्हलोप' भेटला होता. मग 'सुधारणेला वाव' मी कशाबद्दल लिहिलं? मेसमधल्या त्या टेबलावर पाचवी खुर्ची रिकामी होती, आणि वीस वर्षांनी मी जाऊन तिच्यावर बसलो. दुसरं काही नाही.

रविवारी सकाळी लॅपटॉप उघडून फॉर्म बदलायला गेलो. सबमिट झालेला फॉर्म बदलता येत नाही. (कुणी लिहिलीय ही सिस्टीम!) मग एचआरला मेल लिहिली. साधी, चार ओळींची. कम्युनिकेशनचा शेरा माझी चूक होती, तो 'उत्तम' समजावा, कारण उमेदवारानं अवघड गोष्ट मला पहिल्या फटक्यात समजावली. सहकाऱ्यालाही सीसीत ठेवलं. त्याला वाईट वाटेल कदाचित. पण चॅटमध्ये हसरा चेहरा मीही पाठवला होता, हे त्याला वेगळ्यानं सांगणार आहे. मुलाचं काय होईल सांगता येत नाही, जागा एक आहे आणि उमेदवार बरेच.

असो. खूप लांबलं. पुढच्या शनिवारी 'साउंड ऑफ म्युझिक' लावायचा विचार आहे. त्यात नन्सच्या घोळक्यात सिस्टर सोफिया म्हणून एक बाई दिसते, ती म्हणजे आपली मार्नी निक्सन. इतके सिनेमे दुसऱ्यांसाठी गायली, इथे स्वतःच्या चेहऱ्यानिशी उभी आहे. काम छोटंसंच आहे, पण बघाल तेव्हा तिला नक्की शोधा. आणि तुम्हाला कोणता शब्द चुकीचा म्हटल्याबद्दल हसले होते, तेही सांगा. मी माझा सांगितलाय.